पाववाल्याच्या गाडीतून खाडीच्या कडेकडेने

नाही, गाडीत संडास नव्हता. लोटा होता, खाडी होती आणि पहाटे उठायची सवय होती, झालं. पडदे कुठल्या रंगाचे, स्टो कुठे ठेवला, झोपताना पाय कुणाकडे, असल्या गोष्टी मला सांगता येत नाहीत आणि सांगायच्याही नाहीत. हल्ली जोडपी घरदार सोडून गाडीत राहतात, रोज उठून त्याचे व्हिडिओ टाकतात, लोक बघतात. टाकू देत. आम्ही पण राहिलेलो गाडीत, वर्षाच्या वर, चार माणसं. ऐंशी-नव्वदच्या मधली गोष्ट, टीव्हीसाठी रविवारी सकाळी गल्ल्या ओस पडायच्या तेव्हाची. हौस म्हणून नाही राहिलो. जाळं टाकायला जागा शोधत फिरत होतो.

आम्ही डोंबिवलीच्या खाडीवरचे कोळी. खाडीत जाळं बांधायचं तर आधी खुंट ठोकावे लागतात, आणि कुणी कुठे ठोकायचे ते घराण्यात ठरलेलं असतं. आमच्या घराची जागा वळणावर, चांगली. कोळंबी यायची, बोय मासा यायचा, चिखलातल्या निवट्या तर पोरंसुद्धा हाताने पकडायची. मग वरून कंपन्यांचं पाणी यायला लागलं. एक दिवस तांबडं, एक दिवस निळं. मासा पोट वर करून यायचा, आणि शिजवला की घरभर रॉकेलचा वास. मी पाटी घेऊन बाजारात बसले की बाया विचारायच्या, "डोंबिवलीचं का गं?" हो म्हटलं की पुढे जायच्या.

माझा नवरा दामू. तेव्हा नाव घ्यायची नाही, आता घेते. तो एक दिवस म्हणाला, "सगळीच खाडी मेलेली नसणार. ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत कुठेतरी पाणी जिवंत असेल. तिथे जागा मागू."

सासू म्हणाली, "जागा काय भाजी आहे मागायला? बापाने दिली ती जागा."

"बापाने दिली त्यात रॉकेल आहे, आई."

"मग दिवा लाव त्याच्यावर."

होडी विकली, माझ्या पाटल्या विकल्या आणि एका पाववाल्याची जुनी मेटॅडोर घेतली. दामू पूर्वी बर्फाच्या गाडीवर ड्रायव्हर होता, चालवता यायची. आत पावाचे ट्रे ठेवायच्या लोखंडी फळ्या होत्या, त्याच आमच्या खाटा. सासू खालच्या फळीवर, आमची पोरगी रंजू वरच्या. दामूने गाडी निघायच्या आधी होडीसारखी तयार केली. प्रत्येक फटीत कापूस ठासला, वरून राळ आणि डांबर. दाराच्या खालची भोकं, पत्र्यातली भोकं, एक ठेवलं नाही. "आता थेंब आत येणार नाही," म्हणाला. गावातली माणसं येऊन बघून गेली, सगळ्यांना काम पसंत पडलं. कोळ्याला भोक दिसलं की तो बुजवणारच.

आणि कॅमेरा. शेजारचा एकजण आखातातून आलेला, त्याने जुना दिलेला. दामूने रंजूला सांगितलं, जिथे थांबू तिथल्या पाण्याचा फोटो काढायचा, आणि मी समोर उभा राहणार. परत गेल्यावर लोकांना दाखवायचं होतं, बघा, इथे आहे मासा, चला सगळे.

पहिला मुक्काम मुंब्र्याचं रेतीबंदर. शीळफाट्यावरून गेलो, रस्ता खड्ड्यांचा, सासू फळीवरून दोनदा खाली आली. तिथे रेती काढायच्या होड्या, दिवसभर खळखळ. मासा होता, खोटं कशाला बोलू. दामूने एका रेतीवाल्याला विचारलं, इथे खुंट ठोकला तर? तो हसला. "ठोक की. आमची होडी वरून गेली की दात कोरायला काडी मिळेल तुला." जेवणाचं म्हणाल तर घरून आणलेलं सुकट आणि भाकरी. पाणी डोंगराकडच्या झऱ्यावरून आणायचं, चढ आहे, गुडघे चांगले असतील तरच जा. आता झरा असेल की नाही माहीत नाही.

मग कळव्याचा पूल ओलांडून ठाणे. तिथल्या एका कोळीवाड्यात गेलो. नाव सांगत नाही, त्यांची चूक काही नाही. उलट पाहुणचार केला. कोळंबीचं कालवण, तांदळाची भाकरी, सासूला बसायला पाट. एक म्हातारे आजोबा होते, गावाचे पुढारी, त्यांच्यासमोर दामू मांडी घालून बसला.

"जेव, राह, हवं तितके दिवस गाडी लाव," आजोबा म्हणाले. "जाळं मात्र टाकू नको रे बाबा."

"कडेला एक खुंट, दादा. लहानसा."

"लहान काय नि मोठा काय. उद्या माझी नातवंडं विचारतील, आमची जागा कुणाला दिली? तुझी जागा कोण राखतो तिकडे?"

"कोण राखणार? मेलेलं पाणी आहे."

"मेलेलं असलं तरी जागा आहे ती," आजोबा म्हणाले. "एक मोसम खुंट दिसला नाही की माणूस सोडून गेला असं धरतात. तुमच्याकडे नाही का तसं?"

आमच्याकडे पण तसंच. त्या दिवसापासून दामू घाईला आला. खाडीच्या त्या अंगाला आणखी दोन-तीन गावं केली. सगळीकडे तेच. जेवायला वाढायचे आणि नाही म्हणायचे. सासू म्हणायची, "लग्नाचं पोर घेऊन हिंडतोय जसा. चहा सगळीकडे, होकार कुठेच नाही." मी सकाळी घाऊक बाजारातून मासे घेऊन गाडीच्या मागच्या दारात विकायची, त्यावर डिझेल निघायचं. गंमत बघा, कोळी आम्ही आणि दुसऱ्याचे मासे विकतोय. गंमत कसली म्हणा.

पावसाळ्यात कल्याणला आलो. दुर्गाडी किल्ल्याच्या खाली खाडीशी गाडी लावली. ज्यांना जायचंय त्यांनी पावसात तिथे गाडी लावू नये, चिखलात चाक रुततं. पाणी बघितलं तर आमच्यासारखंच, वर फेस. दामूने हात घातला, वास घेतला आणि रंजूला म्हणाला, "नको काढू इथला फोटो." स्टेशनजवळच्या स्टुडिओत आधीचे रोल धुवायला दिले. फोटो आले तर सगळ्यात दामू उभा आणि मागे पाणी. मुंब्र्याचं काय, ठाण्याचं काय, फोटोत पाणी सगळं एकच. कुठलं जिवंत, कुठलं मेलेलं, काही कळत नाही. स्टुडिओवाला म्हणाला, "काका, जरा हसायचं तरी." दामूने फोटो खिशात घातले.

तेवढ्यात गाडीत वास यायला लागला. सासू म्हणे उंदीर मेलाय. गोधड्या खालून ओल्या. छत गळत नव्हतं, काचा बंद, मग ओल कुठून? दामू रोज पुसायचा आणि कुठे फट दिसली की आणखी डांबर भरायचा.

शहाडला पूल ओलांडून नदीकाठी राहिलो. तिथलं पाणी गोडं, चांगलं. मला वाटलं संपलं एकदाचं फिरणं. पण खाडीचं जाळं नदीत चालत नाही. आमचं जाळं भरती-ओहोटीवर भरतं, पाणी येतं नि जातं त्यावर. दामूला वाटलं आणखी वर जाऊन बघू. टिटवाळ्याला गेलो, काळू नदीवर. गणपतीला नारळ फोडला, बाहेर वडापाव खाल्ला, तेव्हा रुपयाच्या आत मिळायचा. नदीवर एक बाई कपडे धूत होती. दामूने तिला विचारलं, "इकडे भरती किती वाजता लागते?"

ती बाई बघतच राहिली. "कसली भरती?"

"पाणी उलटं कधी फिरतं?"

"अहो, नदी आहे ती. उलटी कशाला फिरेल?" मग तिने दुसरीला हाक मारली, "अगं, हे भाऊ विचारतायत नदी परत कधी येते!" दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. रंजू पण हसली, लहान होती. दामू काठावर बसला तो संध्याकाळपर्यंत. त्याच्या जन्मात त्याने एकाच दिशेला जाणारं पाणी बघितलं नव्हतं असं नाही, पण त्या दिवशी त्याला ते खरं वाटत नव्हतं. सासू त्याच्या शेजारी जाऊन बसली. एवढी टोमणे मारणारी बाई, काही बोलली नाही. तेव्हाच मला भीती वाटली.

परत येताना पत्रीपुलाच्या अलीकडे सासूच्या फळीखालचा पत्रा खाली बसला. बसला म्हणजे रस्ता दिसायला लागला. गाडी ढकलत गॅरेजला नेली. मेकॅनिक खाली झोपला, उठला, दाराची खालची कड बोटाने दाबली तर बोट आत गेलं.

"भाऊ, इथले छेद कुठे गेले?"

"बुजवले," दामू म्हणाला. "पाणी आत यायचं ना."

"अरे ते आत यायला नसतात, बाहेर जायला असतात! काचेतून पाणी दारात उतरतं, ते तिथून निघतं. तू पूर्ण पावसाळा पाणी आत कोंडलंस. सगळी सडली आहे. यात माणसं बसवू नको, मरतील."

दामूने विचारलं, "डांबर काढलं तर?"

"आता काय काढतोस."

मेकॅनिक रागावला नव्हता, उलट त्याने चहा मागवला. दामूने तो घेतला नाही. गाडी तिथेच भंगारात दिली.

बोचकी डोक्यावर घेऊन डोंबिवलीला घरी आलो. दामू घरात न जाता आधी खाडीवर गेला, मी मागून. वळणावर आमच्या जागेत नवे खुंट. दामूचा चुलतभाऊ हरी तिथेच होता.

"हरी, हे कुणाचे?"

"माझे. मोसम गेला दादा, खुंट नव्हता तुझा. गावात विचारून ठोकले."

"मासा लागतो?"

"कुठला मासा," हरी म्हणाला. "घाणच येते जाळ्यात."

"मग कशाला ठोकलेस?"

"जागा राहते ना."

दामू मान हलवत राहिला. भांडला असता तर बरं झालं असतं. भांडायला त्याच्याकडे काही नव्हतं, हरीचं बरोबर होतं. त्या सडक्या पाण्यातसुद्धा आम्हाला जागा उरली नाही, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, प्रवासाने काय दिलं. रंजूचं शाळेचं एक वर्ष गेलं, ती पुढे विठ्ठलवाडीला सासरी गेली, बरी आहे. फोटो तिच्याकडे आहेत, मी मागत नाही. कालवण मी अजून ठाण्याच्या त्या बायकांसारखं करते, चिंच कमी घालून. गाडीत राहायला जायचं असेल तर जा, माझं काही म्हणणं नाही. फक्त मागे काय सोडताय ते नीट बघून जा, आणि ते नको झालंय म्हणून सोडू नका.

दामू त्यानंतर खाडीवर गेला नाही. घरात मासा आणला की उठून बाहेर जायचा. तसं किती वर्षं चाललं आणि शेवटी काय झालं, ते मी इथे लिहिणार नाही. कुणी विचारू नका. विचारलंत तरी सांगणार नाही.