कोंबडीचे मत

कोंबडीला उकडते आहे की नाही, हे माणसाला नक्की कशावरून कळते? या एका प्रश्नाचे उत्तर द्यावे म्हणून मी हे लिहायला बसलो आहे. ते उत्तर ज्यांनी शोधले, त्यांच्याइतका कोंबडीच्या सुखदुःखात शिरलेला माणूस उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत दुसरा झाला नाही, हे मी जबाबदारीने सांगतो. हे गृहस्थ म्हणजे माझ्या पत्नीचे मामा. अंबरनाथच्या एका कारखान्यात भट्ट्यांच्या तापमानावर लक्ष ठेवण्यात त्यांची सारी नोकरी गेली, आणि प्रत्येक वस्तूचे एक योग्य तापमान असते, ते साधले की जगातली निम्मी भांडणे मिटतात, अशी त्यांची श्रद्धा होऊन बसली. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा चहाचा कप माझ्या हाती येण्यापूर्वी मामांनी त्यात काचेची नळी बुडवली, तिच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "अजून नको." सगळी मंडळी चहा निवेपर्यंत गप्प बसून राहिली. अखेर "हं, आता घ्या," असे ते म्हणाले, आणि मी मान डोलावली. तो होकार मुलीला होता की चहाला, याबद्दल आमच्या घरात आजही एकमत नाही.

निवृत्त झाल्यावर, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, मामांनी बदलापूरहून बारवी धरणाच्या वाटेवरील एका गावात, पारूबाई नावाच्या शेतकरणीच्या भातखाचराच्या बांधाशी कोंबड्यांची शेड उभारली. जागा आणि कष्ट पारूबाईंचे, पत्रे आणि शास्त्र मामांचे, असा करार ठरला. पारूबाईंचे घर दर वर्षी दिवाळी झाली की मजुरीला वीटभट्टीवर जायचे आणि पावसाच्या तोंडाशी परतायचे. शेड चालली, तर ते जाणे कायमचे थांबणार होते.

पहिल्याच दिवशी मामांनी घरातला, म्हणजे माणसांचा, थर्मामीटर नेऊन कोंबडीला लावला. कोठे लावला ते येथे लिहीत नाही. कोंबडीला तो जिभेखाली धरता येत नाही, एवढे सांगणे पुरेसे आहे. पारा एकशे सहाच्याही वर गेला. दुसऱ्या कोंबडीचे तेच, तिसरीचेही तेच. "पारू, सगळ्याच्या सगळ्या तापानं फणफणल्या आहेत!" मामा ओरडले. मी पोहोचलो तेव्हा दोघे मिळून कोंबड्यांच्या डोक्यांवर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत होते आणि कोंबड्या त्या झटकून देत होत्या. गुरांचे डॉक्टर आले, हसता हसता खाद्याच्या पोत्यावर बसले आणि म्हणाले, "काका, कोंबडीचं अंग एवढंच गरम असतं. तिला ताप आलेला नाही. तिला तुमचा ताप झालाय."

ही चूक मामांनी इतकी मनाला लावून घेतली की पुढे त्यांना एकशे सहा हाच आरोग्याचा आकडा वाटू लागला. मामी एकदा तापाने आडव्या झाल्या. मामांनी पारा पाहिला आणि ते घाबरून उठले. "एकशे दोन? अगं, तू तर पार गारठली आहेस!" असे म्हणत त्यांनी मामींच्या अंगावर दोन गोधड्या टाकल्या. "मी तुमची बायको आहे हो, कोंबडी नव्हे!" हे गोधड्यांखालून आलेले वाक्य आमच्या कुटुंबात पुढे अनेक प्रसंगी उपयोगी पडले.

पहिला उन्हाळा मात्र वाईट गेला. बदलापूरचे ऊन ज्याने अनुभवले आहे त्याला अधिक सांगायला नको. मामांनी शेडच्या चारही बाजूंच्या जाळीवर ओले गोणपाट लावले, ते दिवसभर भिजत ठेवले, आणि भिंतीवरचा पारा खरोखरच उतरला. मामा खूश झाले. तरीही दुपारी कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकू लागल्या आणि संध्याकाळपर्यंत ओळीने पडल्या. मामा पुन्हा पुन्हा पारा दाखवत होते. पारूबाईंनी पदराने तोंड पुसले आणि म्हणाल्या, "मामा, तुमचा पारा जगला, कोंबऱ्या मेल्या." मग त्या पुढे म्हणाल्या, "आवंदा झाला तो झाला. पुढच्या उन्हाला पण आसाच झाला, तर शेड मोडायची नि आमी आपले भट्टीवर."

त्यानंतर कित्येक दिवस मामांनी चहातदेखील नळी बुडवली नाही. मग एका रविवारी ते माझ्या दारात उभे राहिले आणि त्यांनी आपला निष्कर्ष सांगितला. भिंतीवरचा थर्मामीटर हवेचे सांगतो, कोंबडीचे नाही. कोंबडीला लावलेला थर्मामीटर खरे सांगतो, पण फार उशिरा. कारण झेपते तोवर ती आपली आतली उष्णता सांभाळते, आणि पारा चढू लागतो तेव्हा ती हरू लागलेली असते. "म्हणजे थर्मामीटर निकाल सांगतो, जावईबापू," मामा म्हणाले, "मत सांगत नाही. मत कोंबडीलाच विचारलं पाहिजे. मतदान घ्यायचं!"

मी शिक्षक, निवडणूक कोणतीही असो, आमची नेमणूक ठरलेली. तेव्हा कोंबड्यांच्या मतदानाचा केंद्राध्यक्षही मीच झालो. पुढच्या उन्हाच्या सुरुवातीस शेडच्या मधोमध जाळी लावून तिच्यात ये-जा करण्यापुरती वाट ठेवली. एका बाजूस भिजवलेले गोणपाट. दुसरी बाजू वाऱ्याला मोकळी, आणि तिच्या पत्र्यावर भाताचा पेंढा. दोन्हीकडे खाद्य आणि पाणी सारखे ठेवण्याचा आग्रह मी धरला. एरवी ते मतदान न राहता जेवणावळ झाली असती. "गोणपाट बिनविरोध येणार," मामा हात चोळत म्हणाले. पारूबाई म्हणाल्या, "मामा, आधी मतं पडू द्या, मंग गुलाल उधळा."

ऊन चढले. एक कोंबडी मान वाकडी करून ओल्या बाजूने निघाली आणि वाटेतून मोकळ्या बाजूस गेली. तिच्यामागे दुसरी गेली. मग रांगच लागली. भर दुपारी गोणपाटाच्या बाजूला एक लंगडी कोंबडी तेवढी उरली, आणि तीही वाटेतच होती. "मामा, तुमचा डिपाझिट गेला!" पारूबाई पोट धरून हसल्या. मी नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंची अदलाबदल करायला लावली, कारण कोंबड्यांना कदाचित कोपराच आवडला असेल. कोंबड्यांनीही बाजू बदलली आणि वाऱ्यामागे गेल्या.

तेव्हा मामा टाळी वाजवून उठले आणि बांधावर जाऊन साऱ्या गावाला ऐकू जाईल असे ओरडले, "पडलो! पारू, मी पडलो!" स्वतःच्या पराभवाचा असा विजयोत्सव मी पुन्हा पाहिला नाही. कारणही त्यांना त्याच क्षणी उमगले होते. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून श्वासावाटे ओलावा बाहेर सोडते आणि त्यातून अंग निववते. गोणपाटांनी वारा अडवला होता आणि कोंडलेली हवा दमट केली होती. मग तिचा ओलावा जाणार कोठे? त्याच संध्याकाळी सगळे गोणपाट उतरले. साऱ्या पत्र्यांवर पेंढा चढला, पाणी त्या पेंढ्यावर पडू लागले, आणि पचनानेही अंगात उष्णता वाढते म्हणून दुपारचे खाद्य बंद झाले.

मे महिन्याच्या सर्वांत कडक आठवड्यात उल्हासनगरचा मुर्ग्यांचा सिंधी व्यापारी टेम्पो घेऊन आला, तो नाकाला रुमाल लावूनच. शेडमध्ये डोकावून त्याने रुमाल काढला. "अरे साईं, रस्त्यात सगळ्यांचा माल मेला, तुझा जिंदा कसा? एसी लावला काय?"

"इलेक्शन घेतलं."

"कौन जीता?"

"मी पडलो!" मामा छाती काढून म्हणाले.

व्यापाऱ्याने पारूबाईंकडे पाहिले. "बुड्ढ्याला ऊन लागला काय?"

"नाय शेठ," पारूबाई म्हणाल्या, "कोंबऱ्या निवडून आल्या."

त्या वर्षी दिवाळीनंतर भट्टीचा मुकादम मजूर गोळा करायला नेहमीप्रमाणे पारूबाईंच्या दारात आला. त्यांनी त्याला चहा दिला, ओसरीवर बसवले आणि सांगितले, "आमाला सवड नाय, मुकादम. उन्हाला आमचा इलेक्शन आसतो." त्यानंतर तो मुकादम त्या दारी आला नाही. शेड नव्वदीच्या दशकात दुप्पट झाली, आणि दर उन्हाळ्याच्या तोंडाशी मामा मला केंद्राध्यक्ष म्हणून नेत राहिले. निकाल ठाऊक असला तरी विचारायचे, असा त्यांचा नियम होता. "मागच्या वर्षीच्या कोंबड्या वेगळ्या, या वेगळ्या," ते म्हणत.

शेवटच्या आजारात मामांची वाचा गेली. थंडीचे दिवस होते. आम्ही खिडकी लावून घेतली, त्यांना गोधडीत नीट गुंडाळले, ताप पाहिला. पारा अगदी हवा तेथे होता, आणि आम्ही समाधानी होतो. मामी मात्र पायथ्याशी बसून नुसत्या पाहत होत्या. मामांचा हात गोधडीबाहेर आला होता, आणि ते तसूतसूने खिडकीकडे सरकत होते. "मत पडलं," मामी म्हणाल्या, आणि त्यांनी उठून खिडकी उघडली. मामांनी डोळे मिटले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर चहा बरोबर निवल्यावर उमटायचे ते समाधान दिसले.

वाचकांनी हे माझ्या शब्दावर खरे मानू नये. एखाद्या तापलेल्या दुपारी कोंबड्यांच्या शेडपाशी उभे राहावे, हातात काही न घेता त्या कोठून उठतात आणि कोठे जाऊन बसतात ते पाहावे, आणि घरी परतल्यावर, आपण ज्यांना प्रेमाने पांघरूण घालतो तेही कोणत्या बाजूला सरकतात, ते एकदा स्वतः तपासून घ्यावे.