पाठमोरी पंगत

मे १९६४, मंगळवार, सकाळचे पावणेदहा. ठिकाण: मिरजेचे एक इस्पितळ, मुलांचा वॉर्ड. हजर: पेशंट एक, नीता, वय साडेचार. बरोबर तिचे आईवडील, आजी, आबा, एक आत्या, एक चुलता आणि एक गृहस्थ. हे गृहस्थ कोण ते मला शेवटपर्यंत कळले नाही. ते डबे धरायला आले होते. डबे पाच. मी त्या वॉर्डची सिस्टर इन-चार्ज. म्हणजे वॉर्डात जे होईल त्याला जबाबदार मी, आणि जे व्हायला हवे होते पण झाले नाही त्यालाही मीच.

"आवं शिस्टर, पाच दिस झालं, पोरीच्या पोटात अन्नाचा कण न्हाई," आजी म्हणाल्या.

"तीन दिवस, आई," मुलीचे वडील म्हणाले. "त्याआधी बिस्किटं खात होती."

"बिस्कुट म्हंजे अन्न व्हय रं?"

मी वही उघडली आणि एकेकाने बोलावे असे सांगितले. तेव्हा कळले ते असे. मंडळी कराडजवळच्या गावची. घरचा ऊस. आबा फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. मुलगा सुरेश नैरोबीला शाळामास्तर. लग्न करून बायकोला घेऊन गेला तो सहा वर्षांनी आत्ता रजेवर आला. नीता तिकडेच जन्मली. आगबोटीने मुंबई, मुंबईहून रेल्वेने कराड, अशी ती सुट्टीसाठी परदेशात आली होती. तिच्या लेखी परदेश म्हणजे आपला सातारा जिल्हा.

नैरोबीहून आणलेली बिस्किटे संपली आणि पोरीने तोंड मिटले. पाणी प्यायची, लिंबाचे सरबत प्यायची. बाकी सगळ्याला एकच शब्द: "नको."

डॉक्टरांनी तपासले. घसा, जीभ, पोट, कान. जंताची शंका, तीही खोटी ठरली. वजन चौतीस पौंड. आईच्या म्हणण्याप्रमाणे निघताना छत्तीस होते.

"अ‍ॅडमिट. ऑब्झर्व्हेशन," डॉक्टर म्हणाले. ऑब्झर्व्हेशन म्हणजे काय करायचे ते कळत नाही तोवर नुसते लक्ष ठेवणे. "उद्या संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर ट्यूब." ट्यूब म्हणजे नाकातून थेट पोटात घालायची रबरी नळी. तीतून दूध सोडतात.

हे ऐकून नीताच्या आईने, शालिनीबाईंनी, मला बाजूला घेतले. "सिस्टर, नळी घालायची वेळ आली तर मी थांबणार नाही. सहा दिवसांनी एक बोट आहे. तीन आठवडे लवकर जाऊ. घरी गेली की जेवेल."

त्या गेल्या आणि आजी आल्या. पदराचे टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. "शिस्टर, नातीला जन्मात पैल्यांदा बघतोय आमी. पुन्यांदा रजा कवा मिळंल कुणाला ठावं. तुमी तिला दोन घास घाला. सून जायाचं म्हनतीया."

मी वहीत लिहिले: मुदत, उद्या संध्याकाळ पाच.

माझी कामाची पद्धत अशी की आधी यादी. शालिनीबाईंना समोर बसवून मी चौदा प्रश्न विचारले. तिकडे ती काय खाते? पाव कसला? लोणी लागते का? अंडे उकडलेले की तळलेले? दूध गाईचे की म्हशीचे? भात मऊ की मोकळा? सगळी उत्तरे लिहिली, खाली रेघ मारली. पुढे जो घोटाळा झाला तो या यादीतच होता. चौदाच्या चौदा प्रश्न 'काय' खाते याचे होते.

यादीबरहुकूम सामान आणवले. सांगलीच्या बेकरीतला पाव, घरचे लोणी, उकडलेले अंडे, केळे, साय काढलेले गाईचे दूध. खाटेपाशी दोनच नातेवाईक, असा नियम केला. तो दहा मिनिटे टिकला. मग पायथ्याशी इनटेक चार्ट लावला. पोटात काय गेले, किती गेले, किती वाजता, याचा तक्ता. मी स्वतः पेन्सिल घेऊन शेजारी उभी राहिले. असले काम मी दुसऱ्यावर सोडत नाही.

दुपारचे जेवण. आजींनी पावाचा तुकडा केला. "ह्यो काऊचा घास. ह्यो चिऊचा घास. ह्यो तुज्या आफ्रिकेतल्या हत्तीचा घास." आत्याने मागून मान धरली. सुरेशराव पलंगाभोवती दुडक्या चालीने घोडा झाले. आबांनी फौजी आवाज लावला: "वन, टू, मूँ खोलो!" शेजारच्या खाटेवरच्या पोराने तोंड उघडले. नीताने दात आवळले.

चार्टवर मी लिहिले: शून्य.

रात्रीही शून्य. बुधवारी सकाळी न्याहारीला शून्य. आता पोरगी माझ्याकडे नाही, माझ्या पेन्सिलीकडे बघू लागली होती. पेन्सिल उचलली की ओठ मिटायचे. हे मी पाहिले. पण त्यातून काही निघते असे मला वाटले नाही. पंधरा वर्षांची नोकरी होती. अनुभव दांडगा असला की असे होते.

बुधवारी दुपारी एकच्या सुमारास मी औषधांचे कपाट मोजत होते. आत्या धावत आली. "बाई, खाटेवर पोर न्हाई!"

संडास पाहिला, जिना पाहिला, फाटकावरच्या रखवालदाराला विचारले. शेवटी मागच्या शेडकडे गेले. पेशंटच्या नातेवाइकांना स्वयंपाक करायला तिथे पत्र्याखाली चुली मांडून दिलेल्या असतात. तिथे यल्लव्वा बसली होती. जतकडची मेंढपाळ बाई. तिचा मोठा मुलगा पाय मोडून आमच्याकडे सात नंबरच्या खाटेवर होता. त्याच्या मागे घरी कोण बघणार, म्हणून बाकीची तीन लेकरे ती बरोबरच घेऊन आली होती. मराठी आणि कानडी तिच्या तोंडात एकाच वाक्यात नांदायच्या.

ती भाकरी थापत होती. लेकरे ओळीने भिंतीकडे तोंड करून बसली होती, कारण दुसरीकडे ऊन होते. ओळीत शेवटी नीता. फ्रॉक चुलीच्या राखेत. पुढ्यात ताटली, ताटलीत ज्वारीची भाकरी आणि हुलग्याचे माडगे, म्हणजे हुलग्याच्या पिठाचे गूळ घातलेले पातळ पेय. भाकरी बुडवून ती खात होती. हनुवटीवरून ओघळ आला होता. यल्लव्वाचे तिच्याकडे लक्षच नव्हते.

"अजून," नीता म्हणाली.

यल्लव्वाने मागे न बघता तुकडा टाकला.

मी जागीच थांबले. पण माझ्यामागून सगळी पलटण येत होती, आणि आजी सगळ्यांत पुढे. "अगंऽ माजी सोनी! खातीया! आवं बघा, बघा, खातीया!"

नीताने मान वळवली. सात माणसे आणि मी, असे सोळा डोळे तिच्यावर होते. तिने ताटली खाली ठेवली, ओठ मिटले आणि हात पाठीमागे घेतले.

"खा की गं, खा. मी भरवते," आजी खाली बसल्या.

"नको."

आजींना ते लागले. मग त्या यल्लव्वाकडे वळल्या. "काय गं, न इचारता आमच्या पोरीला खायाला घालतीस?"

"तुमची व्हय ती, अक्का?" यल्लव्वाने पिठाचा हात कपाळाला लावला. "मला वाटलं नऊ नंबरची हाय. चार ताटल्या हुत्या, तीन पोरं बसली, एक ताटली मोकळी. येऊन बसली. 'कूडु' म्हनलं, बस म्हनलं. भाकरी टाकली. पोरं काय मोजत बसायची व्हय?"

"फ्रॉकवरनं कळंना तुला?"

"मी भाकरीकडं बघू का फ्रॉककडं?"

आजींनी नीताचा फ्रॉक झटकायला घेतला. मला मात्र पंधरावा प्रश्न सुचला होता. शालिनीबाईंना मी चादरी ठेवायच्या लिननच्या खोलीत नेले आणि दार लावले.

"तिकडे ती कशी जेवते?"

"कशी म्हणजे?"

"कोण भरवतं?"

त्यांनी चादरींच्या चळतीची कड सरळ केली. मग खाली बघत म्हणाल्या, "कोणी नाही. आपल्या हाताने जेवते. मी स्वयंपाकघरात असते, ती बाहेर एकटीच. दोन वर्षांची असल्यापासून."

"मग हे मला काल का नाही सांगितलंत?"

"इथे आल्या दिवशी नीताच्या आत्या म्हणाल्या, एवढीशी पोर आपल्या हातानं जेवते, मग आई काय करते? सगळ्यांसमोर म्हणाल्या. मग मी म्हटलं, नाही, मीच भरवते."

आता सगळे जुळले. या घरात पाहुणा आला की त्याच्याकडे बघतच वाढायचे, आग्रह करायचा, त्याने एक घास टाळला तर दोन घालायचे. ही माया होती, आणि खरी होती. पण पोरगी एकटीने जेवणारी होती. तिला पंगतीत मधोमध बसवून साऱ्या गावाने तोंडात बघायचे, तर गिळणार कशी? आणि इस्पितळात आल्यावर त्यात भर काय पडली? पेन्सिल घेऊन उभी असलेली मी.

वाजले होते तीन. शेडातली भाकरी मोजलेली नव्हती, म्हणून चार्टवर अजून शून्यच होते. मी वहीचे पान फाडून कलमे लिहिली आणि व्हरांड्यात सगळ्यांना वाचून दाखवली. एक, संध्याकाळी चारला सगळे जेवतील. दोन, सगळे भिंतीकडे तोंड करून बसतील. तीन, मुलीकडे कोणी बघणार नाही. चार, तिला कोणी 'खा' म्हणणार नाही. पाच, खाल्ले तरी 'शाब्बास' म्हणणार नाही.

"शाब्बास बी न्हाई?" आजी म्हणाल्या.

"तेही नाही."

"हे काय वो शिस्टर, सुतकात बी मानसं बोलत्यात."

"हुकूम हाय," आबा म्हणाले. "हुकमाला प्रश्न न्हाई." फौजेचा एवढा उपयोग झाला.

चार वाजता पंगत बसली. व्हरांड्याच्या भिंतीकडे तोंड करून सात माणसे, प्रत्येकाच्या मांडीवर डबा, नाहीतर डब्याचे झाकण. त्यांच्या पाठीमागे चटईवर नीता. तिच्यापुढे मी ताटली ठेवली. अर्धी भाकरी, थोडे माडगे (यल्लव्वाकडून मागून आणलेले), एक अंडे, लोणी लावलेला पाव. ठेवण्यापूर्वी ताटली बाळांच्या काट्यावर तोलली होती. बघायचे नाही तर मोजायचे कसे, म्हणून. मग मीही भिंतीकडे तोंड करून बसले.

दोन मिनिटे काही नाही. तीन मिनिटे. आजींचा श्वास मला ऐकू येत होता.

"खाल्लं का?" त्या पुटपुटल्या.

"कलम तीन," मी म्हणाले.

"मी बघत न्हाई, इचारतीया."

तेवढ्यात राउंडला डॉक्टर आले. भिंतीपुढे ओळीने आठ पाठी बघून ते थबकले. "हे काय चाललंय, सिस्टर? आणि ट्यूबची तयारी कुठं आहे?"

"डॉक्टर, तुम्हीसुद्धा भिंतीकडे," मी म्हणाले. त्यांना असे मी आधी कधी बोलले नव्हते. पुढेही नाही.

"मी राउंडवर आहे!"

"अबाउट टर्न!" आबांचा आवाज आला, भिंतीकडूनच. डॉक्टर सवयीने नव्हे, दचकून वळले. आणि त्या शांततेत सगळ्यांना ऐकू आले: पाठीमागे भाकरीचा कडेचा कडक पापुद्रा मोडला. मग चावल्याचा आवाज. मग माडगे भुरकल्याचा.

आजींनी पदर तोंडात कोंबला. खांदे हलत होते. रडत होत्या की हसत, ते मला समोरून दिसले असते तरी मी बघितले नसते. सुरेशराव रिकाम्या डब्यातून जेवत होते.

पाच वाजता ताटली काट्यावर ठेवली. पाच औंस कमी. अंडे पूर्ण, भाकरी पूर्ण, पावाला हात नाही. डॉक्टरांनी काटा दोनदा बघितला आणि ट्यूबचा विषय पुन्हा काढला नाही.

शुक्रवारी डिस्चार्ज. निघताना आजी यल्लव्वाकडे गेल्या, पाटीभर गूळ ठेवला आणि म्हणाल्या, "माडगं कसं करत्यात ते सांग." यल्लव्वाने सांगितले. त्याला वीस मिनिटे लागली, कारण आजी प्रत्येक पायरीवर तिला दुरुस्त करत होत्या.

अलीकडची बोट चुकवली. मंडळी ठरल्या तारखेपर्यंत राहिली. जूनमध्ये आबांचे कार्ड आले: 'नीता खुशाल. वजन साडेसदतीस. मुक्काम असेतो सर्व मंडळी पाठमोरी जेवली. ती गेल्यावरही मंडळींचे तोंड दोन दिवस भिंतीकडेच होते.'

या प्रकरणातून मी एवढेच शिकले की मूल का जेवत नाही हे विचारताना आधी आपण कुठे उभे आहोत ते पाहावे. तेव्हापासून माझ्या यादीत 'काय' या प्रश्नाच्या आधी 'कसे' हा प्रश्न असतो.

एक काम मात्र राहिले आहे. डिस्चार्जच्या कागदावर 'निदान' म्हणून एक रकाना असतो. आजार कोणता ते तिथे लिहायचे. डॉक्टर म्हणाले, "तुमची केस, तुम्हीच भरा." रेकॉर्डच्या खोलीतून तो कागद आजवर तीन वेळा परत आला आहे, 'निदान भरून पाठवावे' अशी चिठ्ठी लावून. मुलीला काही झालेले नव्हते, आणि ज्यांना झाले होते ते अ‍ॅडमिट नव्हते. कागद टेबलावर आहे. रकाना कोरा आहे.