अर्ध्यावर कापलेला मेसेज

यमुनाताई तायडे जयपूरला रेल्वेच्या दवाखान्यात नर्स होत्या. मूळच्या भुसावळच्या. नवरा दशरथ मालगाडीवर गार्ड होता. त्याची बदली झाली तेव्हा यमुनाताईंनी खटपट करून आपलीही बदली करून घेतली. दोघांनी तिथल्या मानसरोवर वस्तीत घर बांधलं आणि मग इथलेच झाले. मुलगी अश्लेषा शाळेत असताना दशरथ हृदयविकाराने अचानक गेला. माहेरचे-सासरचे लोक भुसावळहून येईपर्यंत यमुनाताईंजवळ बसून होत्या त्या समोरच्या वासंती करंदीकर. अश्लेषाला जेवू घालणं, दारात येणाऱ्या रेल्वेच्या माणसांना पाणी देणं, सगळं त्यांनीच केलं. हे यमुनाताई मला नेहमी आधी सांगत, आणि मग पुढची हकिगत.

वासंतीबाई सांगलीच्या. त्यांचे यजमान गजाननराव विमा कंपनीतून निवृत्त झालेले, मुलगा अभिजित जयपूरमध्येच लहानाचा मोठा झालेला. एक घर बौद्ध, एक ब्राह्मण. सांगलीत असतो तर आपली ओळखसुद्धा झाली नसती, असं वासंतीबाई स्वतःच म्हणायच्या. इथे मात्र सगळ्या गल्लीत मराठी बोलणाऱ्या त्या दोघीच.

यमुनाताईंची ड्युटी कधी सकाळची, कधी दुपारची. समोरासमोर राहूनही भेट व्हायची नाही, म्हणून दोघी फोनवर मेसेज लिहायच्या. एका ओळीचे नाही, चांगले लांबलचक. आज डब्यात काय नेलं, कुणाचा गुडघा दुखतोय, अश्लेषा कशावरून रुसली. हे अ‍ॅप दोघींच्या फोनमध्ये अभिजितनेच घालून दिलं होतं. तेव्हा यमुनाताईंनी त्याला विचारलं होतं, "दुसरं कोणी वाचून तर नाही राहणार ना?"

"नाही मावशी. एकदम सेफ आहे. मतलब, कंपनीलासुद्धा वाचता येत नाही. तू आणि आई, बस."

अभिजित मालवीय नगरमधल्या एका ऑफिसात कामाला होता. दुकानांच्या सेलचे, क्लासच्या प्रवेशाचे मेसेज हजारो लोकांना एकदम पाठवायचे, हे त्या ऑफिसचं काम. निवडणूक आली की उमेदवारांचे मेसेजही तिथूनच जात. यमुनाताईंना एवढंच ठाऊक होतं की तो कॉम्प्युटरवर काहीतरी करतो आणि घरी उशिरा येतो.

त्या वर्षी उन्हाळा संपता संपता दवाखान्यात काविळीचे पेशंट वाढले. बरेचसे मानसरोवरमध्ये राहणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या घरातले. त्यातली तीन मुलं तर यमुनाताईंच्याच सेक्टरमधली. महानगरपालिकेची निवडणूक तोंडावर होती. ड्युटी संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत बसून यमुनाताईंनी वासंतीबाईंना लिहिलं:

"आजपण कावीळचे पेशंट आले. आपल्याच सेक्टरचे. टाकीचं पाणी खराब असेल असं डॉक्टर म्हणून राहिले. पण रिपोर्ट आल्याशिवाय काही खरं नाही, दुसरंही कारण असू शकतं. तू पाणी उकळूनच पी. कुणाला सांगू नको, लोक उगाच घाबरतील."

पाठवला आणि नेहमीप्रमाणे आपल्या फोनमधून पुसून टाकला. पेशंटबद्दल काही लिहिलं असेल तर ते फोनमध्ये राहू द्यायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता होता. खरं तर लिहायलाही नको होतं. पण मैत्रिणीने खराब पाणी प्यावं आणि आपण गप्प बसावं, हे त्यांना जमलं नाही.

दोन-तीन दिवसांनी त्या ड्युटीवर असताना अश्लेषाचा फोन आला. ती तेव्हा कॉलेजात होती.

"आई, तू काही लिहिलंस का पाण्याबद्दल? सगळ्या ग्रुपवर फिरतंय. तुझा फोटो आहे."

तिने चित्र पाठवलं. वर यमुनाताईंचा छोटा फोटो, खाली त्यांचा मराठी मेसेज, पण "डॉक्टर म्हणून राहिले" इथे कापलेला. त्याच्याखाली मोठ्या लाल अक्षरांत हिंदी: रेल्वे हॉस्पिटलच्या सीनियर सिस्टरचा गौप्यस्फोट, टाकीचं पाणी विषारी, पार्षदने रिपोर्ट दाबला. पार्षद म्हणजे तिथला नगरसेवक. त्याचं यमुनाताईंनी नावसुद्धा काढलं नव्हतं. मराठी कुणाला कळत नव्हती; पण अक्षरं देवनागरी, त्यात "पाणी खराब" आणि "डॉक्टर" एवढं कुणालाही वाचता येत होतं. तेवढं पुरलं.

संध्याकाळपर्यंत त्यांचा नंबरही कुणीतरी ग्रुपवर टाकला. मग फोन सुरू झाले. काही जण ताईजी-ताईजी करत अभिनंदन करायचे, आमच्या सभेला या म्हणायचे. बाकीचे पार्षदाच्या बाजूचे. ते जातीवरून बोलायचे, नोकरी कशी मिळाली ते आम्हाला ठाऊक आहे म्हणायचे. एकाने अश्लेषाच्या कॉलेजचं नाव घेतलं. तेव्हा यमुनाताईंनी फोन बंद करून ठेवला.

हे कोणी केलं असेल, असा प्रश्न त्यांना पडलाच नव्हता, असं त्या म्हणतात. वाटलं, कुणीतरी मशीनमधून चोरलं. असं होतं म्हणतात ना. ते चित्र नीट पाहिलं अश्लेषाने.

"आई, वर तुझं नाव बघ काय आहे."

फोटोशेजारी नाव होतं: यमुना समोर.

"हे ज्याच्या फोनमध्ये सेव्ह आहे ना, त्याच्याच फोनचा फोटो आहे हा," अश्लेषा म्हणाली. "समोर कोण म्हणेल तुला?"

यमुनाताई म्हणाल्या, "अभिजित लहान असतानापासून आईचा फोन घेते. त्याने काढला असेल. वासंतीला माहीत पण नसेल."

दवाखान्यात वरच्यांनी बोलावलं. सरकारी नोकराने निवडणुकीत कुणाची बाजू घेऊ नये, पेशंटची माहिती बाहेर देऊ नये, दोन्ही नियम मोडल्याचा ठपका. कौशिक नावाचे अधिकारी चौकशीला नेमले. यमुनाताईंच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. त्या कौशिकसाहेबांना म्हणाल्या, "मी मैत्रिणीला लिहिलं, ही माझी चूक आहे. पण मी जे लिहिलं ते हे नाही. खालचं कापलं आहे."

"पूरा मेसेज दिखाइए," साहेब म्हणाले.

पुरा मेसेज त्यांच्या फोनमध्ये नव्हता. तो एकाच ठिकाणी होता.

त्या दिवशी घरी न जाता त्या थेट समोरच्या घरात गेल्या. गजाननराव बाहेर गेले होते. वासंतीबाईंनी दार उघडलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून यमुनाताईंना कळलं की त्या आपली वाटच बघत होत्या. चहा नको म्हणत यमुनाताई खुर्चीच्या कडेला बसल्या.

"वासंती, माझा तो मेसेज तुझ्या फोनमध्ये आहे ना?"

"आहे."

"मग तो सगळाचा सगळा साहेबाला दाखवायचा आहे. तू आली नाहीस तरी चालेल. फोटो काढून दे."

वासंतीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "अभिजितने घेतला तो. मी पोळ्या करत होते, फोन टेबलावर होता. दुसऱ्या दिवशी फिरायला लागल्यावर मला समजलं. मी त्याला खूप बोलले गं."

"ठीक आहे. मेसेज दे."

"यमुना, तो दाखवला की कुठून गेला ते लगेच निघेल. त्याचं नाव येईल. केस होईल. आत्ता कुठे त्याचं लग्न ठरतंय."

"माझं नाव आलंय ना, वासंती. फोटोसकट."

"हो. पण तुझी नोकरी आता संपतच आली आहे. तुला काय करणार ते? त्याचं सगळं पुढं आहे."

यमुनाताई मला सांगत होत्या, "शिव्या देणारे फोन आले तेव्हा मी रडली नाही. परके लोक होते, मला ओळखत नव्हते. हिने तर माझी नोकरी पाहिली होती. दशरथ गेल्यावर तेराव्या दिवशी मी ड्युटीवर गेली तेव्हा हिनेच माझी साडी इस्त्री करून दिली होती. ती म्हणते, तुझं संपतच आलंय."

तरी त्यांनी पुन्हा एकदा मागितला. वासंतीबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बाहेर आल्याच नाहीत. आत नळाचं पाणी वाहत राहिलं. यमुनाताई आपणच दार लोटून बाहेर पडल्या.

पुढच्या चौकशीत साहेबांनी मैत्रिणीचं नाव विचारलं. यमुनाताईंनी सांगितलं. हे मला सांगताना त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं, जणू मी विचारीन की का सांगितलं. मी विचारलं नाही. साहेबांनी करंदीकरांच्या घरी पत्र पाठवलं. उत्तर आलं वासंतीबाईंच्या सहीचं, छान हिंदीत टाइप केलेलं: यमुना तायडे यांच्याशी आपले शेजारधर्माचे संबंध आहेत, असा कोणताही मेसेज आपल्याला आलेला नाही.

साहेबांनी ते यमुनाताईंना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. त्यांना वासंतीबाईंची भाषा ठाऊक होती. पत्रातली भाषा मुलाची होती. सही मात्र आईचीच होती.

निवडणूक होऊन गेली. तो पार्षद पडला. जिंकलेल्यांपैकी कुणी यमुनाताईंना फोन केला नाही, त्यांची गरज संपली होती. मग काविळीचा रिपोर्ट आला. टाकीचं पाणी ठीक होतं. एका गल्लीत पिण्याच्या पाण्याची पाइप फुटून त्यात गटाराचं पाणी शिरत होतं. ती पाइप बदलली. हा रिपोर्ट कुठल्याच ग्रुपवर फिरला नाही. यमुनाताईंच्या नावावर मात्र लेखी ताकीद कायम राहिली, आणि ती घेऊनच त्या निवृत्त झाल्या. निरोपाचा कार्यक्रम झाला, पण जुनी माणसं फारशी आलीच नाहीत. आली ती हार घालून लगेच पांगली. भाषण एकच झालं, नव्या आलेल्या रूपाली नावाच्या नर्सचं. ती बोलता बोलता रडली. यमुनाताईंनाच तिला शांत करावं लागलं.

अश्लेषा ऐकेना. ती आईला सायबर पोलिसांकडे घेऊन गेली. त्यांनी नंबर ग्रुपवर टाकल्याची, खोटं चित्र केल्याची तक्रार लिहून घेतली. यमुनाताईंना त्यातून काही निघेल असं वाटत नव्हतं. पण बऱ्याच दिवसांनी अभिजितला जबाबाला बोलावणं आलं, आणि त्याच्या ऑफिसातली मशीनही पोलिसांनी तपासायला नेली.

त्याच आठवड्यात एका दुपारी दारावर वासंतीबाई आल्या. इतक्या महिन्यांत दोघींनी एकमेकींकडे पाहिलंही नव्हतं. एक गच्चीवर कपडे वाळत घालायला आली की दुसरी खाली जायची. वासंतीबाई वाळल्या होत्या. यमुनाताईंनी त्यांना आत घेतलं, बसवलं, पंखा लावला, पाणी दिलं.

वासंतीबाईंनी पाणी पिऊन पेला खाली ठेवला. "यमुना, माझं चुकलं. मी तुझ्याशी फार वाईट वागले."

"हं."

"रोज वाटायचं यावं. पाय उचलायचा नाही."

यमुनाताई म्हणतात, "तेवढ्यावर मी विरघळली असती. उठून तिच्याजवळ बसणारच होती."

"एवढं एक कर," वासंतीबाई म्हणाल्या. "तक्रार मागे घे. मुलीकडच्यांना कळलं तर ते लग्न मोडतील. तू लिहून दिलंस की प्रकरण मिटतं, वकील म्हणालेत."

यमुनाताईंनी विचारलं, "तो मेसेज आहे अजून?"

वासंतीबाईंनी खाली बघितलं. "अभिजितने तेव्हाच पुसायला लावला."

"त्याने पुसला की तू?"

"मी."

अश्लेषा आतून ऐकत होती. ती पुढे यायला लागली तशी आईने तिला हातानेच थांबवलं.

"तू तक्रारीसाठी आलीस," यमुनाताई म्हणाल्या. "मी समजली, मला भेटाले आलीस."

"दोन्हीसाठी आले गं."

"नाही वासंती. दोन्हीसाठी नाही आली."

त्यानंतर दोघी बराच वेळ बसून होत्या. कोणी उठेना. शेवटी गजाननराव फाटकापाशी येऊन उभे राहिले, आत न येता. त्यांना बघून वासंतीबाई उठल्या. यमुनाताईंनी त्यांना दारापर्यंत सोडलं, पायरी उंच आहे म्हणून हातही धरला. मग कडी लावली.

तक्रार त्यांनी मागे घेतली नाही. अभिजितचं लग्न झालं. मुलीकडच्यांना कळलं की नाही, मला ठाऊक नाही. मांडव समोरच होता, सनई दोन दिवस यमुनाताईंच्या घरात ऐकू येत होती. आमंत्रण आलं नव्हतं. पोलिसांचा तपास चालूच आहे म्हणतात. मध्यंतरी मी यमुनाताईंना विचारलं, भुसावळला का जात नाही? त्या म्हणाल्या, "हे घर दशरथने बांधलं. जायचं तर समोरच्यांनी जावं."