दात आवळले की विमान वर जातं

माझी मुलगी चौथीत असताना मध्येच कुठेतरी हरवायला लागली. आपण बोलत असायचो आणि ती आपल्यातून आरपार बघत राहायची. हाक मारली तर उत्तर नाही, आणि क्षणात पुन्हा काही झालंच नाही अशी बोलायला लागायची. शाळेतून तक्रार आली की वर्गात लक्ष नसतं, डिक्टेशनमध्ये मधलेच शब्द गायब असतात. ऑफिसात बसून मी मोबाइलवर लहान मुलांच्या आजारांबद्दल वाचायचे आणि जास्तच घाबरायचे.

कोपरखैरण्याला आमच्या सोसायटीतल्या एका शेजारणीने खारघरच्या एका सेंटरचं सांगितलं. डोक्याला तारा लावतात, मेंदूच्या लहरी मशीन वाचतं, मूल त्या लहरींनी स्क्रीनवरचा गेम चालवतं आणि त्यातून मेंदू एकाग्र व्हायला शिकतो. याला न्यूरोफीडबॅक म्हणतात. औषध नाही, सुई नाही, म्हटल्यावर नवरा लगेच तयार झाला.

सेंटर छान होतं, एसी, भिंतीवर ढगांची चित्रं. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी मुलीच्या मेंदूचा रंगीत नकाशा दाखवला. कपाळाच्या जागी लालभडक डाग होता. "हे बघा मॅडम, इथे प्रॉब्लेम आहे," त्या म्हणाल्या. तो लाल रंग पाहून मी त्याच दिवशी नाव नोंदवलं.

सेशन सुरू झाली. मुलीला विमानाचा गेम मिळाला. लक्ष लागलं की विमान वर, लक्ष उडालं की खाली. नवरा म्हणायचा, "बघ, सुधारतेय की." मलाही कधी कधी तसं वाटायचं. पण तिची परीक्षा संपून ताणही गेला होता, आणि मी रोज तिच्या शेजारी बसून अभ्यास घ्यायला लागले होते. मग फरक नेमका कशाचा?

एकदा मी बाईंना विचारलं, "याचा उपयोग होत नाहीये, हे आम्हाला कशावरून कळेल?"

"उपयोग होतोच, मॅडम."

"आणि नाही झाला तर?"

"तर सेशन वाढवायची. प्रत्येक ब्रेन वेगळा असतो."

म्हणजे काहीही झालं तरी उत्तर एकच. घरी येताना माझं डोकं भणभणत होतं. सोडून दिलं आणि पोरीचं नुकसान झालं तर? चालू ठेवलं आणि वेळ गेला तर?

त्याच आठवड्यात मुलगी जबडा दुखतो म्हणायला लागली. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा हळूच म्हणाली, "आई, कोणाला सांगू नकोस हं. दात गच्च आवळले ना, की विमान वर जातं."

मी नवऱ्याला सांगितलं, विमान लक्ष लागल्यामुळे नाही, जबड्याच्या ताणामुळे वर जातंय. तो हसला नाही. म्हणाला, "चल, आपण नीट डॉक्टरला दाखवू."

जुईनगरच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. सेंटरचा नकाशा मी पुढे केला, तो त्यांनी बाजूला ठेवला. त्यांनी कागदाची एक पट्टी मुलीच्या तोंडासमोर धरली आणि म्हणाल्या, "बाळा, हिच्यावर जोरजोरात फुंकर मारत राहा. थांबायचं नाही."

मुलगी हसत फुंकत होती. पट्टी फडफडत होती. मग पट्टी थांबली. मुलीचे डोळे एका जागी खिळले, पापण्या बारीक लवायला लागल्या. डॉक्टरांनी हाक मारली, हात हलवला. काही नाही. आणि मग ती पुन्हा फुंकायला लागली.

"मध्ये थांबलीस का गं?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही तर," ती म्हणाली.

हा एपिलेप्सीचा, म्हणजे अपस्माराचा, एक प्रकार असावा, यात झटका आला की क्षणभर फक्त भान हरपतं आणि जोरात फुंकत राहिलं की तो समोर दिसू शकतो, असं डॉक्टर म्हणाल्या. तपासणीत तेच निघालं. मी त्यांना विचारलं, मग ते सेंटर फसवत होतं का? त्या म्हणाल्या, "ते मी कसं सांगू? त्या उपचाराबद्दल ठोस पुरावा अजून नाही, एवढं सांगू शकते. पण आधी नेमकं काय झालंय ते शोधायला हवं होतं."

औषधं सुरू झाली. झटके हळूहळू कमी झाले, डिक्टेशनमध्ये शब्द परत आले. शेजारणीला मी सगळं सांगितलं. ती जरा दुखावली. तिच्या भाच्याला तिथे फरक पडला होता म्हणे. पडला असेलही. मी वाद घातला नाही, एवढंच म्हटलं की त्याला एकदा डॉक्टरकडे ने.

माझी काळजी मात्र गेलेली नाही. मोठ्या रस्त्यावर सायकल नको, असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालवते आणि मी उभी राहून तिचे डोळे बघत राहते.

"आई, तू वर घरी जा ना," ती ओरडते. "सगळे बघतायत."

मी खांबाच्या आड सरकते आणि तिथून बघते.