भासऱ्यांबरोबर भुयारात

माझी मुलगी सुट्टीत होस्टेलवरून एक खेळ शिकून आली. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. मग भुयार, बंद दारं, कोडी. आपण काय करतो ते तोंडाने सांगायचं, जमलं की नाही ते फासा ठरवतो. न बोललेलं काहीच घडत नाही, हा मुख्य नियम.

गोष्ट सांगणार ती, खेळणार माझी पुतणी आणि मी. मी कंदील धरणारी बाई झाले. तिला फार बोलावं लागणार नाही असं वाटलं.

त्या दुपारी माझे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, मोताळ्याच्या बाजारातून आले. दारात खाकरले तसा मी डोक्यावर पदर घेतला आणि बाजूला सरकले. आमच्या घरात सून भासऱ्यांशी बोलत नाही. लग्न होऊन आल्यापासून त्यांना जे सांगितलं ते पोरांच्या तोंडून. पोरं शाळेत असली तर भिंतीला सांगायचं, जेवण वाढलंय म्हणा. ते ऐकून घ्यायचे.

पण एक गोष्ट पोरांकरवी सांगता येत नव्हती. मुलीने आता परत जाऊ नये, स्थळं पाहू, असं भासऱ्यांनी ठरवलं होतं. यांचं म्हणणं, भाऊ म्हणेल तसं. तिचं एकच वर्ष राहिलं होतं. ती रडत नव्हती, पण बॅगही भरत नव्हती.

कूलर त्याच खोलीत, म्हणून भासरे तिथेच टेकले. "काय चालू हाय हे?"

"मोठेबाबा, तुम्ही पण खेळा. तुम्ही म्हातारे पहिलवान."

"म्हातारा काऊन? नुसता पहिलवान म्हण."

पुतणी हसली. "बाबा, फासा टाका."

त्यांनी टाकला. कमी पडला. मुलगी म्हणाली, वरून शिळा कोसळली. पुतणी पलीकडे अडकली, आणि अलीकडच्या खोलीत पहिलवान आणि कंदीलवाली, दोघंच. खोलीत पाणी भरतंय. समोरासमोरच्या भिंतींना दोन साखळ्या, मध्ये जाड खांब. दोन्ही साखळ्या एकदम ओढल्या तरच दार उघडेल, आणि खांबामुळे एकमेकांचं काही दिसत नाही.

हे फाशाने केलं की तिने मुद्दाम, ते मी कधी विचारलं नाही.

मी पुतणीला हळूच म्हटलं, "सांग त्यायले, साखळी धरली म्हणा."

"ती पलीकडं आहे आई. तिले ऐकू येत नाही."

मी भिंतीकडे पाहिलं.

"भिंतीले सांगून पण चालत नाही."

मग मी बांगड्या वाजवल्या. भासरे खाकरले, त्यांना कळलं होतं. मुलीने मान हलवली. "पाण्याचा आवाज लय आहे. पाणी छातीपर्यंत आलं."

चहा ठेवते म्हणून उठता आलं असतं, पण मी उठले नाही. त्या नसलेल्या पाण्यात मला खरंच श्वास पुरेना.

भासरे कागदावरच्या नकाशाकडे पाहत म्हणाले, "तिकडं कोणी असन तं बोला."

"हाव," मी म्हटलं. "मी हाय."

"तीन म्हणलं का ओढा."

त्यांनी मोजलं, मी ओढली. फासा चांगला पडला. दार उघडलं, पुतणी टाळ्या वाजवायला लागली.

पदराआडूनच मी म्हटलं, "पोरीले परत जाऊ द्या. एकच वर्ष राह्यलं."

टाळ्या थांबल्या. भासऱ्यांनी विचारलं, "हे खेळातलं हाय का घरातलं?"

खेळातलं म्हटलं असतं तर सगळे हसले असते आणि मी सुटले असते.

"घरातलं."

ते उठले, चपला घातल्या, निघून गेले.

संध्याकाळी यांनी विचारलं, "तू भाऊशी बोलली म्हणे. काऊन?" पुढचे काही दिवस मी आतल्या खोलीतच काढले. भासऱ्यांचं खाकरणं ऐकलं की हातातलं काम थांबायचं.

मग एका सकाळी मी गहू निवडत होते. भासरे आले, माझ्यापासून दोन हातांवर उभे राहिले आणि पुतणीला म्हणाले, "तुह्या काकूले सांग, सोमवारी पोरीले एसटीत बसवून देतो. परीक्षा झाली का मंग पाहू स्थळं."

पुतणी माझ्याकडे वळली. "काकू, बाबा म्हणतात का..."

मी तिला सगळं सांगू दिलं. मग तिलाच म्हटलं, "बरं म्हणा."