मरियमबाईची शवपेटी

बापूसाहेबाचं नाव काढलं की आजही माझं डोकं सणकतं. शिरूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीचा तो पंच. कुणाला कुठं पुरायचं ते हाच ठरवणार. जसं काही दफनभूमी याच्या बापानं विकत घेतलेली!

मरियमबाई माझी शेजारीण. मिशनच्या आवारातल्या निम्म्या पोरांच्या नाळा तिनं कापल्या. स्वतःची पोर मात्र दोन दिवसांची होऊन गेली. पाद्री गावाला गेलेले, बाप्तिस्मा राहून गेला. बापूसाहेब म्हणाला, "बाप्तिस्मा न्हाई, तर भिंतीच्या आत जागा न्हाई." पोरीला जुन्या लुगड्यात गुंडाळून भिंतीबाहेर, घाणेरीच्या झुडपापाशी पुरलं. एकोणपन्नास सालची गोष्ट.

त्यानंतर मरियमबाईनं खूळ घेतलं. माझ्या नवऱ्याकडून, याकोब सुताराकडून, तिनं आपल्या मापाची शवपेटी करून घेतली आणि घरात ठेवून तीत कांदे भरले. "लेकरू लुगड्यात गेलं. मी न्हाई तशी जायची," म्हणायची. लोक हसले. हसोत मेले!

अठ्ठावन्नच्या मे महिन्यात बापूसाहेबाची आई वारली. मला पेटीतच ठेव, असं म्हातारीनं मरताना त्याच्याकडून कबूल करून घेतलेलं. याकोब नेमका दौंडला रेल्वेच्या कामावर. ऊन असं की प्रेत दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायची सोय नाही. शेवटी स्वारी मरियमबाईच्या दारात आली. मी तिथंच होते.

"बाई, तुमची पेटी द्या. नवी करून देतो."

मरियमबाईनं वर बघितलंसुद्धा नाही. "तुमच्या आईसाठी देते. माझ्या पोरीला माती द्यायला त्या एकट्याच आलत्या. पण तुम्ही भिंतीच्या आत पाय टाकायचा न्हाई. आईची माती हुईस्तवर माझ्या पोरीपाशी हुभं ऱ्हायचं."

त्याचं तोंड काळंठिक्कर पडलं. "मी पंच हाय!"

"मग चादरीत न्या."

मला वाटलं, आता हा हात उगारतो. पण आईला शब्द दिलेला, करतो काय? त्यानं होकाराची मान हलवली. तिनं कांदे जमिनीवर ओतले आणि पेटी पुसून दिली.

चार वाजता पेटी आत गेली, मुलगा बाहेर. घाणेरीपाशी टोपी हातात धरून उन्हात उभा. भिंत छातीएवढी, त्याला सगळं दिसत होतं. मला दया आली का? छे! बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. दोरांवरून पेटी खाली जायला लागली, तसा तो भिंत धरून रडायला लागला.

"मरियमबाई, एक मूठ माती तरी टाकू द्या. आई हाय माझी."

मरियमबाई भिंतीपाशी गेली. "मी बी आईच हाय, बापूसाहेब. नऊ वर्सं माझी पोर भाईर हाय. तिला आत घेतो म्हणा, आन् या."

सगळी मंडळी त्याच्याकडं बघत होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. खड्डा भरून झाला, वर क्रूस रोवून झाला, तरी त्या माणसानं तोंड उघडलं नाही.