लुगड्याचा लाल काठ

कॉलेजच्या सुट्टीत मी जव्हारला चाचांच्या फोटो स्टुडिओत पडद्यामागे कॉम्प्युटरवर बसायचे. डिजिटल कॅमेरा नुकताच घेतला होता आणि फोटोच्या सॉफ्टवेअरमधलं इंग्रजी घरात मलाच नीट कळायचं. गिऱ्हाइकांशी बोलायला चाचा होते, म्हणून मला ते काम फार आवडायचं.

एकदा खोडाळ्याकडची एक आजी नवऱ्याला घेऊन आली. दोघांचा एकत्र फोटो आयुष्यात निघाला नव्हता. पण आजोबा कॅमेऱ्यासमोर बसेनात. "दात नायत आता. हा लाव," म्हणत त्यांनी स्वतःचा विशीतला ब्लॅक अँड व्हाइट फोटो पुढे केला.

"मग मी तुझी आई दिसंन," आजी म्हणाली. तरी ती बसली, ताठ. अंगावर नातीच्या लग्नातलं हिरवं लुगडं, लाल काठाचं.

चाचांनी फोटो काढून कॅमेऱ्याचं कार्ड आत दिलं. "बेटा, दोघांना जोड. हिच्यातले रंग काढ, म्हणजे जुळेल."

आजोबांचा फोटो स्कॅन केला, आजीचे रंग काढले, प्रिंट बाहेर दिली.

"काठ कुठं गेला?" आजीचा आवाज आला. "काठासाठी तर हे नेसून आले."

खरंच, लाल आणि हिरवा मिळून एकच राखाडी झाला होता. कुठला मूळ रंग राखाडीत किती उजळ दिसावा, हे सॉफ्टवेअरमध्ये कमीजास्त करता यायचं. मी लाल वाढवला. काठ उजळला, पण कातडीतही लाल असतोच, त्याबरोबर आजीचा चेहराही पांढराफटक झाला. चाचा खूश. ते सगळ्यांनाच थोडं गोरं करून द्यायचे.

"ही कोण? याची दुसरी बायको का?" आजीने विचारलं.

चाचा समजावू लागले, ती ऐकेना. मला तिचं पटत होतं, पण ते सांगायला बाहेर जावं लागणार होतं. दोनदा उठले, परत बसले. मग पडदा सरकवला.

"आजी, काठ काळा चालेल? मग चेहरा गोरा नाही होणार."

"चालंल की. दिसू दे म्हणजे झालं."

मी तिला आत, माझ्या शेजारी बसवलं. लाल कमी केला, हिरवा वाढवला. लुगडं फिकट झालं, काठ काळाभोर उठून आला. चेहरा हळूहळू सावळा होत गेला.

"थांब," आजी म्हणाली. "ही मी."

नवी प्रिंट तिने पाकिटात घालूच दिली नाही. स्टँडवर गाडीची वाट बघताना ती बायकांना काठ दाखवत होती, असं चाचा चहा पिऊन आल्यावर म्हणाले. आजोबा बाजूला दोन्ही पिशव्या धरून उभे होते.